स्वतःच्या हाताने

सही करायच्या वेळी आत्या चष्मा शोधायला लागली, आणि चष्मा तिच्या कपाळावरच होता.

"कपाळावर आहे, आत्या," थोरला म्हणाला. एरवी तो वैतागला असता, पण आज त्याला कशाचाच राग येत नव्हता. रविवार होता, दुकानाचं शटर खाली होतं, आणि मागच्या मिश्रणाच्या खोलीत लांब टेबलाभोवती सगळं घर जमलं होतं. शाळेच्या पेपरतपासणीतून धाकटा भाऊही आला होता, म्हणजे कमालच. मध्ये तो निळा फॉर्म, त्यावर पेन. एक सही झाली की दुकान वाचलं.

विधानसभेत तंबाखूचा कायदा मंजूर झाला त्या दिवसापासून थोरल्याची झोप उडाली होती. स्वाद घातलेली तंबाखू बंद. दालचिनी नाही, लवंग नाही, संत्र्याची साल नाही. बरण्या काचेत मांडायच्या नाहीत. एकवीस वर्षांखालच्याला उंबरठा ओलांडू द्यायचा नाही. बाकीचं सगळं तो गिळायला तयार होता, पण स्वाद काढले तर 'सात नंबर'मध्ये उरणार काय? पाइप ओढणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी आजोबांनी बांधलेलं ते मिश्रण, त्यांच्यानंतर त्यांच्या लेकीनं, म्हणजे आत्यानं चालवलेलं. छत्र्या, काठ्या नावाला; दुकान तेवढ्यावरच उभं होतं.

आणि हा कायदा लिहिणाऱ्या खात्यात त्याची स्वतःची मुलगी नोकरीला होती. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून घरात तिचं नाव ठिणगी पडलं होतं. चार महिने बापलेकीत धड बोलणं नव्हतं. काही विचारायचं झालं तर थोरला भिंतीला विचारी, "सरकारला चहा हवाय का?" ओळखीपाळखीचे म्हणत, अहो, घरची पोरगी, एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे करता आला नसता? त्यालाही आतून तसंच वाटायचं.

मग गेल्या आठवड्यात ठिणगीच कायद्याची छापील प्रत घेऊन आली आणि कलम चौदावर बोट ठेवून उभी राहिली. कायदा लागू झाला त्या दिवसाआधी सलग पाच वर्षं जी व्यक्ती स्वतःच्या हाताने मिश्रण करत आली आहे, तिला नोंदणी करून हयातभर ते करता येईल. मुदत तीस दिवस, शेवटचा दिवस उद्याचा सोमवार.

"वाच गं परत एकदा," थोरला म्हणाला. तो मुलीशी थेट बोलला, हे त्याच्याही नंतर लक्षात आलं.

ठिणगीनं वाचलं. "मी याद्वारे जाहीर करते की, गेली सलग पाच वर्षे सदर मिश्रण मी स्वतःच्या हाताने केलेले आहे..."

"केलंयच की! पाच कसली, पन्नास वर्षं!" थोरल्यानं पेन आत्याच्या हातात दिलं.

आत्यानं पेन घेतलं, टोपण काढलं, परत लावलं. "शाई फिकी वाटते," ती म्हणाली.

खिडकीजवळ धाकट्याची बायको, घरात सगळ्यांची धाकटी, चहा गाळत होती. तिचा हात थांबला आणि गाळणं कपाबाहेर ठिबकलं.

या खोलीत फक्त तिला माहीत होतं की आत्याबाई सही का करत नाहीत. सहा वर्षांपूर्वी आत्याबाईंना ताप आला होता, आठवडाभर. उठल्यावर त्या पुन्हा टेबलाशी बसल्या. धाकटी पानं चाळायला मदत करायला आली तेव्हा त्या बुरशी धरलेलं पान नाकाशी धरून समाधानानं मान डोलावत होत्या. धाकटीनं ते पान अलगद काढून घेतलं. आत्याबाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "काहीच येत नाही गं. भिंतीचा वास घ्यावा तसं." आणि थोड्या वेळानं, "कुणाला सांगू नकोस."

तिनं सांगितलं नाही. रोज दुपारी दार लोटून दोघी बसायच्या. आत्याबाई सांगायच्या, धाकटी हुंगायची, मोजायची, चोळायची, ओल्या फडक्याखाली दडपून ठेवायची. पहिल्या वर्षी चुका झाल्या. दुसऱ्या वर्षी आत्याबाईंनी सांगायचं बंद केलं, कारण सांगण्यासारखं उरलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी धाकटीनं लवंग थोडी कमी केली, तर एक जुना घड्याळजी काउंटरवर येऊन म्हणाला, "आत्याबाई, आताशा तुमचा हात आणखीनच बसलाय." पडद्यामागे धाकटीचे कान लाल झाले होते.

"उद्या नोंदणी कचेरीत वासाची परीक्षा घेतात म्हणे," थोरला सांगत होता. "डोळे बांधून. खोटी नावं घुसू नयेत म्हणून. आपल्याला काय भीती! पण आत्या, एकदा रंगीत तालीम होऊन जाऊ दे. मजा येईल."

"नको रे, उगाच काय," आत्या म्हणाली.

पण थोरला रंगात आला होता. त्यानं खणांतून पानं काढून तीन बश्यांत ठेवली, आपला रुमाल घडी करून आत्याच्या डोळ्यांवर बांधला आणि लग्नातला आचारी वाटावा अशा आवाजात म्हणाला, "हात लावायचा नाही हं. नुसतं नाक."

पहिली बशी नाकाशी आली. धाकटी एकदा खोकली.

"उन्हात वाळवलेलं," आत्या म्हणाली.

"शाब्बास!"

दुसरी बशी. धाकटी खोकली, पुन्हा खोकली.

"धुरावरचं."

"बघा! बहात्तर वर्षांचं नाक आहे हे!"

तिसरी बशी आली. धाकटीला तीनदा खोकला आला. आत्या म्हणाली, "कोठारात आंबवलेलं."

धाकटा इतका वेळ कोपऱ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसला होता. सगळे त्याला मास्तर म्हणत, घरातसुद्धा. पंचवीस वर्षं गणित शिकवून आणि परीक्षांना पहारा देऊन त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. सर्दीचा खोकला वेगळा आणि उत्तराचा वेगळा. सर्दीचा खोकला मोजून येत नाही.

त्यानं लाल पेन खिशाला लावलं. खरं तर त्यानं गप्प बसायला हवं होतं, असं त्याला नंतर वाटलं. पण सवय वाईट. तो उठला, टेबलावरची एक कोरी बशी उचलली, बायकोकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि ती रिकामी बशी आत्याच्या नाकाशी धरली.

खोलीत कुणी खोकलं नाही.

आत्यानं वास घेतला. पुन्हा घेतला. "धुरावरचंच आहे," ती हळूच म्हणाली. "पण जुनं."

थोरल्याचं हसू तोंडावरच राहिलं. आत्यानं वाट बघितली, मग स्वतःच रुमाल वर सरकवला आणि बशीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मास्तर," ती म्हणाली, "तुझ्या वर्गात नाही बसले ते बरं झालं."

मास्तरचा चेहरा पडला. "आत्या, मला वाटलं... मला असं करायचं नव्हतं."

"करायचं होतं, म्हणून तर केलंस. बस आता." आत्यानं रुमालाची घडी घालून तो थोरल्याच्या हातात दिला. "सहा वर्षं झाली. नाक गेलंय. सात नंबर ही करते." आणि तिनं मान धाकटीकडे वळवली.

थोरला स्टुलावर बसला. याच दुकानात, या भिंतीपलीकडे तो दिवसभर उभा असतो, आणि सहा वर्षं गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगतो की आत्याच्या हातची चव आहे. "मला सांगावंसं वाटलं नाही तुला?" त्यानं आत्याला विचारलं. आवाज लहान मुलासारखा निघाला.

"तू काउंटरवर खोटं बोलू शकत नाहीस रे. तुझ्या कपाळावर लिहिलेलं दिसतं. खरं माहीत नव्हतं म्हणून तर छान बोलायचास."

ठिणगीनं फॉर्म आपल्याकडे ओढून घेतला होता. कलम चौदा द्यायचं की नाही हे समितीनं ठरवलं होतं. आपल्या घरी तंबाखूचं दुकान आहे असं तिनं पहिल्याच दिवशी लेखी दिलं होतं, आणि साहेबांनी सांगितलं होतं, सवलतीवर तुम्ही बोलायचं नाही, शब्द तेवढे तपासा. तिनं शब्द तपासले. 'मिश्रण करणारी व्यक्ती' एवढंच होतं. मोठ्या कंपन्या पगारी नावं लावून मोकळ्या होतील, म्हणून तिनं समासात सुचवलं: 'स्वतःच्या हाताने'. लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर आत्याचे हात होते, पानं चोळून तपकिरी झालेले. आत्याला कुणी हात लावू शकणार नाही अशी भिंत बांधतेय, असं तिला वाटलं होतं. आणि त्या भिंतीबाहेर आत्याच राहिली.

"आत्या सही करू शकत नाही," ती म्हणाली. "खोटं ठरेल. मी इथे बसून खोटं होऊ देऊ शकत नाही."

"कुणी सांगितलंय तुला होऊ द्यायला," आत्या म्हणाली. "मी तर पेनाचं टोपणच काढत नव्हते."

मग थोरल्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरला. तो धाकटीकडे वळला. "पण मग धाकटी करू शकते! सहा वर्षं, सलग, स्वतःच्या हाताने! आणि वय किती तुझं? सेहेचाळीस! अगं, आत्याच्या नावावर दहा वर्षं मिळाली असती, तुझ्या नावावर तीस-चाळीस मिळतील!" त्यानं स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली. लग्न होऊन आल्यापासून बावीस वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं.

"एक मिनिट," मास्तर म्हणाला. "दादा, नोंदणी झालेल्यांची नावं राजपत्रात छापून येतात. शाळेच्या नोटीसबोर्डावर या कायद्याचं पत्रक मी स्वतः लावलंय. मुलांना काय सांगू? तंबाखू वाईट, फक्त माझ्या बायकोची सोडून?"

"बावीस वर्षं दुकानाच्या वरच राहतोस, तेव्हा नाही लाज वाटली!"

"तेव्हा तिचं नाव नव्हतं त्यावर!"

"काका, नाव नव्हतं म्हणजे काम नव्हतं असं नाही," ठिणगी मध्येच म्हणाली.

"तू गप्प बस, तुझा कायदा आहे," मास्तर म्हणाला.

"ती का गप्प बसेल? बरोबर बोलतेय ती!" थोरला कडाडला. चार महिन्यांत पहिल्यांदा तो मुलीच्या बाजूनं बोलत होता, आणि हे ध्यानात येऊन दोघंही किंचित गोंधळली.

आत्या चहा पीत होती. तिला चव लागत नव्हती, पण ऊन ऊन वाटत होतं. सहा वर्षांत छातीवरचा दगड इतका ओळखीचा झाला होता, की तो उतरल्यावर तिला चक्क भूक लागली. ती धाकटीकडे बघत होती. बाकीचे तिघं तिच्याविषयी बोलत होते आणि तिच्याशी कुणीच बोलत नव्हतं.

"अरे, तिला विचारा ना," आत्या म्हणाली. "का बश्याच फिरवत बसणार दिवसभर?"

सगळे थांबले. धाकटीनं गाळणं खाली ठेवलं, पदराला हात पुसले. एवढ्या जणांसमोर बोलायची तिला सवय नव्हती. घरात कुठल्याही बैठकीत तिच्याकडे कायम चहाच असे.

"ठिणगे, सही केली तर मला काय काय करता येईल?"

"याच पत्त्यावर, ठरवून दिलेल्या वजनापर्यंत मिश्रण करता येईल. तू असेपर्यंत."

"आणि कुणाला शिकवता येईल?"

"नाही, काकू. नोंदणी कुणाला देता येत नाही, कुणाला हाताखाली ठेवता येत नाही. तुझ्यानंतर हे संपावं, म्हणूनच ते कलम तसं आहे. एकदम तोडायचं नाही, पण वाढवायचंही नाही."

"संपावं," धाकटी म्हणाली. शब्दाचा अंदाज घ्यावा तसं. "मग ठीक आहे."

"काय ठीक आहे?" मास्तरनं विचारलं.

"अहो, मी तुमच्याशी भांडत नाहीये. पोरांच्या हातात हे जाऊ नये, मलाही तसंच वाटतं. आपल्या सात नंबरची गिऱ्हाइकं किती? बासष्ट. मी प्रत्येकाला ओळखते, पडद्यामागून. सगळ्यात तरुण आहे तो ऑर्गन दुरुस्त करणारा, तोसुद्धा एकसष्टचा. ती माणसं आहेत तोवर मी करीन. नवा कुणी आला तर भाऊजी, तुम्ही त्याला नाही म्हणायचं. छत्री विका, काठी विका, पण सात नंबर नाही."

थोरल्यानं तोंड उघडलं.

"नाहीतर सही नाही," धाकटी म्हणाली.

थोरल्यानं तोंड मिटलं. मग डोकं खाजवत म्हणाला, "छत्र्यांना तसं बरं गिऱ्हाईक आहे हल्ली."

"आणि तुम्ही," ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला लाज वाटत असेल तर वाटू दे. मला नाही वाटत. मला ते काम आवडतं. दुपारचं दार लोटलं की दिवसभरात पहिल्यांदा मी कुणीतरी असते. सहा वर्षं लोक आत्याबाईंना शाबासकी देत होते आणि मी आत पानं चाळत होते. माझं नाव कुठं छापून येणार असेल, तर येऊ दे. लग्नपत्रिकेनंतर कुठे आलंय?"

मास्तर आपल्या लाल पेनाकडे बघत राहिला. त्याला आठवलं, गेली काही वर्षं बायकोच्या ओंजळीला संत्र्याच्या सालीचा वास यायचा. त्याला तो आवडायचा. कुठून येतो हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. घरात तंबाखूचं दुकान, येत असेल वास.

धाकटी खुर्चीत बसली. आत्यानं पेनाचं टोपण काढून दिलं. सही करण्याआधी तिनं फॉर्म वरून खालपर्यंत वाचला, अगदी बारीक अक्षरंही, आणि 'कोणाकडून शिकला' या रकान्यात आधी 'ला'वर काट मारून 'ले' केलं आणि पुढे आत्याचं पूर्ण नाव लिहिलं. स्वतःची सही सावकाश केली. इतकी सावकाश की थोरल्याला श्वास रोखावा लागला.

नंतर सगळी पांगली, तेव्हा थोरला बश्या गोळा करत मुलीजवळ आला. "तो शब्द... 'स्वतःच्या हाताने'. तो तुझा का?"

"हो, बाबा."

"चांगला आहे," तो म्हणाला. बशी पुसता पुसता पुन्हा म्हणाला, "नेमका आहे." आणि मग, भिंतीकडे न बघता, "चहा घेणार का अजून?"

सोमवारी नोंदणी कचेरीत लाकडी बाकावर आत्या बसली होती आणि तिच्या शेजारी मास्तर. तो सकाळी न सांगता बरोबर निघाला होता. धाकटीनं विचारलं, शाळा? तर म्हणाला, अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय.

"कारण काय लिहिलंस?" आता आत्यानं विचारलं.

मास्तरनं घसा साफ केला. "पत्नीची परीक्षा."

"हेडमास्तर काय म्हणाले?"

"कुठल्या विषयाची, म्हणून विचारलं. सांगितलं मी. सगळं सांगितलं. ते म्हणाले, शुभेच्छा कळवा."

आत दार बंद होतं. काचेवर कागद चिकटवलेला, त्यामुळे सावल्या तेवढ्या दिसत. एक वाकलेली सावली टेबलापलीकडे डबे सरकवत होती, दुसरी ताठ बसलेली होती. पंचवीस वर्षं मास्तर वर्गाच्या आत येरझाऱ्या घालत आला होता. बाहेर बसणं इतकं अवघड असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तो दोनदा पाणी प्यायला. आत्या मात्र निवांत होती. पाय हलवत, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघत होती.

मध्येच आतून आवाज चढले. निरीक्षकानं दार उघडून कुणाला तरी हाक मारली. भांडारातला माणूस एक वही घेऊन घाईनं आत गेला. दार पुन्हा लागलं. मास्तर उभाच राहिला.

"बस रे," आत्या म्हणाली. "तिचं नाक मी घडवलंय."

पंधरा मिनिटांनी धाकटी बाहेर आली. डोळ्यांवरची पट्टी निघाली होती, पण केस विस्कटलेले, आणि चेहरा असा काही फुलला होता की मास्तरला क्षणभर ती बावीस वर्षांपूर्वीचीच वाटली. हातात शिक्का मारलेला कागद होता. शाई ओली होती म्हणून तिनं तो दोन बोटांत लांब धरला होता.

"पाचपैकी किती?" त्यानं विचारलं.

"पाच."

"आणि तो आरडाओरडा काय होता?"

"पाचवा डबा. ते म्हणाले, चूक, हे एकच पान आहे. मी म्हटलं, दोन आहेत, उन्हातलं आणि आंबवलेलं, आणि साहेब, हा डबा आधी कॉफीचा होता." तिनं आत्याबाईंकडे बघितलं. "वही काढून बघितली त्यांनी. त्यांच्याच माणसानं दोन खणांतलं एकत्र भरलं होतं."

मास्तरनं खिशाचं लाल पेन काढलं, बायकोचा हात हातात घेतला आणि कचेरीतल्या सगळ्या लोकांसमोर तिच्या तळव्यावर, नीट, वळणदार अक्षरात लिहिलं: ५/५.